हेमंतातील भैषज्य : विनयपिटकाची दृष्टी आणि कृष्णाकाठ

विनयपिटकातील महावग्गाचा सहावा खंधक 'भेसज्जक्खंधक' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात औषधी मुळांची जी यादी आली आहे, तिच्यातील पहिले नाव हलिद्दि आणि दुसरे सिंगिवेर. हलिद्दि म्हणजे हळद व सिंगिवेर म्हणजे आले. सांगलीची पेठ हळदीची, तर सातारा, कोरेगाव, कराड या तालुक्यांतील मळे आल्याचे. म्हणजे त्या प्राचीन यादीतील पहिले दोन शब्द आमच्या या दोन जिल्ह्यांच्या मातीत आजही रुजलेले आहेत. पुढे वच म्हणजे वेखंड, अतिविस म्हणजे अतिविष, कटुकरोहिणी म्हणजे कुटकी, उसीर म्हणजे वाळा आणि भद्दमुत्तक म्हणजे नागरमोथा ही नावे येतात. कषायांत निंब, कुडा, पडवळ व करंज. पानांत निंब व तुळस. फळांत वावडिंग, पिंपळी, मिरे, हिरडा, बेहडा आणि आवळा. आमच्या आजीच्या बटव्यात यांपैकी निम्म्या वस्तू सहज सापडाव्यात.

या साम्यामुळे अलीकडे एक समजूत दृढ होऊ लागली आहे. इ. स. २०२० च्या महामारीनंतर थंडी सुरू झाली, की 'प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या' काढ्यांची, चूर्णांची व गोळ्यांची चर्चा घरोघरी होते. विहारातील प्रवचनानंतरही उपासक विचारतात, की भगवंतांनीच हळद व आले यांना अनुज्ञा दिली आहे, तेव्हा निरोगी माणसाने हिवाळाभर ही औषधे घेणे हे बुद्धवचनास धरूनच नव्हे काय? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर मात्र यादी वाचून मिळत नाही. यादीच्या मागचे व पुढचे वाक्य वाचावे लागते.

भेसज्जक्खंधकाचा आरंभ हेमंतात नव्हे, शरदात होतो. श्रावस्तीत भिक्खूंना शारदिक आबाध जडला होता. प्यालेली पेज उलटून पडे, जेवलेले अन्न टिकत नसे. ते कृश झाले, कांती फिकी पडली, अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. भगवंतांनी आनंदाजवळ चौकशी केली आणि विचार केला तो असा : जे औषध म्हणून लोकमान्य आहे, ज्याने आहाराचे कार्यही साधते, परंतु जे स्थूल अन्न समजले जात नाही, असे काय देता येईल? त्यातून तूप, लोणी, तेल, मध व फाणित ही पाच भैषज्ये निघाली. फाणिताचे भाषांतर सर्रास 'गूळ' असे केले जाते. आमच्या मते गुऱ्हाळावर मिळणारी काकवी ही त्याला अधिक जवळची; कारण गुळासाठी 'गुळ' हा स्वतंत्र शब्द त्याच खंधकात आहे. प्रथम ही पाच योग्य वेळीच घेण्याची मुभा होती. तेवढ्याने रुग्ण सुधारले नाहीत, तेव्हा अवेळीही घेण्याची मुभा मिळाली. त्यानंतर मुळे, कषाय, पाने, फळे, डिंक, क्षार अशी एकेक अनुज्ञा येते आणि बहुतेक ठिकाणी तिच्यापूर्वी 'आजारी भिक्खूंना अमुक औषधाची गरज पडली' असे कारण दिलेले असते. मुळे वाटण्यासाठी पाटा-वरवंटादेखील असाच गरजेतून आला.

आणि येथेच ते निर्णायक वाक्य आहे. मुळे स्वीकारून आयुष्यभर जवळ बाळगण्यास हरकत नाही. ती खावयाची मात्र 'सति पच्चये', म्हणजे कारण असेल तेव्हाच. कारण नसता खाणाऱ्यास दुक्कट आपत्ती सांगितली आहे. मुळांपाठोपाठ कषाय, पाने, फळे, डिंक व क्षार यांच्या बाबतीतही हाच नियम आहे. हळदीची अनुज्ञा आणि निष्कारण हळद खाण्याचा दोष ही दोन्ही एकाच परिच्छेदात आहेत. पहिली सर्वांना ठाऊक, दुसरा कोणी सांगत नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. जी मुळे खाद्य वा भोज्य म्हणून उपयोगी पडत नाहीत, तीच औषधी मुळे, अशी मर्यादा खंधकाने घातली आहे. आमटीतील हळद व चहातील आले हा आहाराचा भाग झाला. त्याला वरील दोष लागत नाही, आणि गृहस्थाला तर भिक्खूची आपत्ती मुळीच लागू नाही. आम्ही नियमाकडे पाहतो ते त्यामागील दृष्टीसाठी. आहार आणि औषध यांची सीमा किती बारकाईने आखली होती, याचे उत्तम उदाहरण गुळाचे आहे. कंखारेवत स्थविरांनी वाटेत एक गुऱ्हाळ पाहिले. तेथे गुळात पीठ व राख घालीत होते. पिठामुळे हे अन्नच झाले, मग ते अवेळी कसे चालेल, अशी शंका येऊन त्यांनी गूळ वर्ज्य केला. भगवंतांनी निर्णय दिला, की पीठ-राख ही गूळ घट्ट होण्यासाठी घालतात आणि लोक त्यास गूळच म्हणतात, म्हणून चालेल. पुढे बेलट्ठ कच्चान नावाचा व्यापारी गुळाच्या घड्यांनी भरलेल्या पाचशे गाड्या घेऊन जाताना भेटतो, तेव्हा आणखी एक पायरी येते : आजाऱ्यास गूळ, निरोग्यास गुळाचे पाणी. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळ-पाणी ठेवण्याची आमच्या खेड्यांतील रीत ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या भेदातील शहाणपण वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मग थंडीपासून रक्षणाचे काय? विनयात हेमंताचा विचार नाही असे मुळीच नाही. तो औषधांच्या प्रकरणात नाही, एवढेच. भिक्खूने चार प्रत्ययांचे जे प्रत्यवेक्षण नित्य करावयाचे असते, त्यात प्रत्येक वस्तूचे प्रयोजन वेगळे सांगितले आहे. चीवर कशासाठी? थंडीच्या व उष्णतेच्या निवारणासाठी. शयनासन कशासाठी? 'उतुपरिस्सय', म्हणजे ऋतुजन्य उपद्रव दूर करण्यासाठी व एकांतासाठी. अन्न कशासाठी? जुनी वेदना शमावी व नवी उद्भवू नये यासाठी. आणि भैषज्य? 'उप्पन्न', म्हणजे उत्पन्न झालेल्या पीडाकारक वेदनांच्या निवारणासाठी. तेव्हा ज्याला आज प्रतिबंध म्हणतात, ते काम वस्त्र, निवारा आणि परिमित आहार या तिघांकडे सोपविलेले आहे. औषधाचा क्रम चौथा. या क्रमात आम्हांस निव्वळ पाठांतराची सोय दिसत नाही; संघाच्या आरोग्यविचाराचा तो सांगाडाच आहे.

चीवराची कथा तर प्रत्यक्ष प्रयोगाचीच आहे. वैशालीच्या गोतमक चैत्याजवळ भगवान हेमंतातील 'अंतरट्ठक' रात्री उघड्यावर बसले. अट्ठकथेच्या मते माघाचे अखेरचे चार व फाल्गुनाचे पहिले चार दिवस, म्हणजे हिमपाताचा काळ. प्रारंभी एका चीवरावर थंडी वाजली नाही. पहिला प्रहर सरता वाजू लागली, तेव्हा दुसरे पांघरले. मधला प्रहर सरता तिसरे. आणि अखेरचा प्रहर संपून उजाडू लागले, तेव्हा चौथे. थंडीने कष्टी होणारे, थंडीस भिणारे कुलपुत्रही एवढ्यावर निभावू शकतील, असा हिशेब करून दुपदरी संघाटी, एकपदरी उत्तरासंग आणि एकपदरी अंतरवासक अशी त्रिचीवराची मर्यादा ठरली. तीन वस्त्रे, पण पदर चार. स्वतः एक रात्र कुडकुडून मग नियम करणारा शास्ता धर्मेतिहासात विरळा. आणि थंडीस भिणाऱ्यांचा विचार करताना त्यांना दुर्बल म्हणून हिणविलेले नाही, हेही लक्षणीय आहे.

अग्नीचेही तसेच. भग्ग देशात सुंसुमारगिरी येथे भिक्खूंनी हिवाळ्यात एक पोकळ ओंडका पेटविला, त्यातून सर्प निघाला व धावपळ झाली. त्यावरून शेकण्यासाठी अग्नी पेटविण्यास बंदी आली, परंतु आजाऱ्याला तीतून वगळण्यात आले. जीवकाची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. एवढा मोठा वैद्य वैशालीस आला, तेव्हा मिष्टान्नांनी स्थूल व दोषयुक्त झालेले बरेच भिक्खू त्याने पाहिले. त्याने कोणता काढा सुचविला? एकही नाही. चंक्रमण आणि जंताघर, म्हणजे फेऱ्या मारण्याची वाट आणि उष्ण स्नानगृह, या दोन गोष्टींची अनुज्ञा त्याने भगवंतांजवळ मागितली.

हे नियम मगध-कोसलात झाले. कृष्णाकाठी ते कसे पोहोचले असतील? त्याचे धागे महावग्गाच्या पाचव्या खंधकात आहेत. महाकच्चान स्थविरांचा शिष्य सोण कुटिकण्ण अवंतीहून आपल्या गुरूंच्या पाच विनंत्या घेऊन श्रावस्तीस गेला. अवंति-दक्षिणापथात भिक्खू थोडे, म्हणून पाच जणांच्या संघात उपसंपदा व्हावी; तेथील जमीन वरून काळी, खडबडीत व गुरांच्या खुरांनी तुडविलेली, म्हणून अनेक पदरी पादत्राणे असावीत; लोक स्नानाला महत्त्व देतात, म्हणून वारंवार स्नानाची मुभा असावी; तेथे मेंढीचे, शेळीचे व हरणाचे कातडे अंथरतात, म्हणून ते चालावे. पाचवी विनंती दूरवर पाठविलेल्या चीवराच्या कालगणनेविषयी होती. सर्व विनंत्या मान्य झाल्या. दक्षिणेकडे सेतकण्णिक निगमाच्या पलीकडचे प्रदेश 'प्रत्यंत' ठरले. अर्थात सातारा-सांगलीचा मुलूख त्यातच येतो. काळ्या जमिनीचे ते वर्णन वाचताना कऱ्हाड-वाळव्याची ढेकळे डोळ्यांपुढे उभी राहतात. देशकालानुसार अंथरूण-पांघरूण बदलावे, याला शास्त्याचीच संमती आहे.

या प्रत्यंतात संघ खरोखर वसला होता, याची साक्ष कऱ्हाडजवळच्या आगाशिव डोंगरातील साठाहून अधिक लेणी देतात. वाईजवळची व शिरवळची लेणी त्याच परंपरेतील. करहाकट नगराच्या दानाचा उल्लेख दूरच्या भारहुत स्तूपावर आहे, आणि कोकणातील कुडे येथे करहाकडच्या लोहवाणिजाने, म्हणजे लोखंडाच्या व्यापाऱ्याने, दान दिल्याचा लेख आहे. आगाशिवाच्या लहान लहान खोल्यांतील दगडी ओटा पाहिला, की कातड्याच्या अंथरुणाची विनंती पुस्तकी वाटत नाही. पौषातल्या पहाटे त्या दगडावर नुसते चीवर अंथरून निजून पाहावे.

औषधदानाचा स्पष्ट कोरीव पुरावा पाहावयाचा, तर नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांकडे वळावे लागते. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातील तेथील लेख ख्रिस्तोत्तर तिसऱ्या शतकातील आहे. दात्री आहे उपासिका विष्णुदत्ता. शक अग्निवर्म्याची कन्या, गणपक रेभिलाची पत्नी, गणपक विश्ववर्म्याची माता. त्रिरश्मी पर्वतावरील विहारात राहणाऱ्या चातुर्दिश भिक्खुसंघाच्या 'गिलानभेषजा'साठी तिने अक्षयनिधी ठेवला. गोवर्धनच्या कुलरिक श्रेणीकडे १,००० कार्षापण, ओदयंत्रिक श्रेणीकडे २,००० कार्षापण, आणखी एका श्रेणीकडे ५००. ज्यांच्याकडे ठेव ठेवली, त्यांत तिलपिषक म्हणजे तेल गाळणाऱ्यांची श्रेणीही आहे. तेल हे पाच भैषज्यांपैकी एक, हे येथे आठवावे. शब्द 'गिलान' आहे, आजाऱ्यासाठी. आणि निधी एकाचा नव्हे, सर्व संघाचा.

त्याच ठिकाणचा याहून जुना उषवदाताचा लेख घ्या. त्याने ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. पैकी २,००० दरमहा शेकडा एक दराने चीवरासाठी. वर्षाचे व्याज होते २४०. लेखात वर्षावास केलेल्या वीस भिक्खूंस प्रत्येकी बारा कार्षापण सांगितले आहेत, म्हणजे नेमके २४०. उरलेले १,००० पाऊण टक्का दराने किरकोळ खर्चास. वस्त्राचा हिशेब इतका चोख होता. वर्षावासानंतर, म्हणजे थंडी तोंडावर असताना वस्त्र हाती पडावे, हे त्या दानाचे मर्म आहे. आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंतचा कठिन चीवरदानाचा महिनाही हेमंताच्या उंबरठ्यावरच येतो.

आता हळदीकडे परत येऊ. सांगलीच्या हळदीस इ. स. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जवळच्या हरिपूर येथे हळद जमिनीतील पेवांत साठविण्याची पद्धत होती, इ. स. २००५ च्या महापुराने त्या पेवांची मोठी हानी केली. उकडून वाळविलेली हळद अशी दीर्घकाळ टिकते. महावग्गाने तूप, मध आदी पाच भैषज्यांना सात दिवसांची मर्यादा घातली आणि मुळांना मात्र आयुष्यभर बाळगण्याची मुभा दिली, यामागे वस्तूच्या स्वभावाचे हे ज्ञान असावे. सात दिवसांच्या नियमाला निमित्त झाले ते पिलिंदवच्छांच्या परिवाराने केलेल्या साठ्याचे. घडे भरले, पिशव्या टांगल्या, उंदीर झाले, आणि 'हे तर बिंबिसाराचे कोठार' असे लोक बोलू लागले. इ. स. २०२० मधील घराघरांतील चूर्णांच्या डब्यांचे वर्णन आम्हांस याहून वेगळे करता येणार नाही.

आधुनिक संशोधन काय सांगते? हळदीतील कुर्क्युमिन हे द्रव्य प्रयोगशाळेत दाहशामक गुण दाखविते. पण पोटातून घेतल्यास ते रक्तात फारच थोडे उतरते. बंगळूरच्या संशोधकांनी इ. स. १९९८ मध्ये दाखविले, की मिऱ्यातील पायपरीन सोबत दिल्यास हे प्रमाण माणसात सुमारे वीस पट वाढते. मिरे व पिंपळी महावग्गाच्या फळांत आहेत म्हणून प्राचीनांना हे ठाऊक होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह काही लेखकांना होतो. तो टाळावा, यादीत मुळे एका ठिकाणी आहेत, फळे दुसऱ्या, आणि त्यांच्या संयोगाविषयी तेथे शब्दही नाही. उलट, शोषण वाढले की धोकाही वाढतो. इ. स. २०२२ मध्ये अमेरिकेतील अभ्यासगटाने हळदीच्या पूरक गोळ्यांशी निगडित यकृतविकाराचे १० रुग्ण नोंदविले. त्यांतील काहींच्या गोळ्यांत मिऱ्याचा अंश होता. हा प्रश्न तीव्र मात्रेच्या गोळ्यांचा आहे, कालवणातील चिमूटभर हळदीचा नव्हे. गुळवेलीबाबत मुंबईच्या वैद्यांनी इ. स. २०२१ मध्ये सहा रुग्णांचा असाच वृत्तान्त प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेलच होती, याची खात्री केलेली नाही. आक्षेप ग्राह्य धरला, तरी ग्राहकापुढचा प्रश्न तोच उरतो. दारात आलेली वेल कोणती, हे त्याने कसे ओळखावे?

गुळवेलीचा एक मौजेचा उल्लेख अट्ठकथांत आहे, तो येथे नमूद करण्यासारखा आहे. भिक्खूंच्या 'पूतिमुत्त' औषधाचा अर्थ सांगताना अट्ठकथाकार म्हणतात, की ताजी असली तरी 'गलोचि' वेलीस 'पूतिलता'च म्हणतात, तसे मूत्र ताजे असले तरी ते 'पूतिमुत्त'च. महावग्गाच्या यादीत नसलेली ही वेल औषध म्हणून नव्हे, व्याकरणाचा दृष्टान्त म्हणून आली आहे! पाली वाङ्मयात गुळवेलीचे माहात्म्य शोधणाऱ्यांनी हे स्थळ अवश्य पाहावे.

सुंठीचा काढा घशाला बरा वाटतो, तिळगुळाने व डिंकाच्या लाडवाने थंडीत अंगात ऊब येते, हे आम्ही नाकारीत नाही. सर्दीने बेजार झालेल्याला आल्याचा रस मधातून देणे हे 'सति पच्चये'च होय. आक्षेप आहे तो निरोग्याला भय घालून औषध विकण्याला, आणि त्यासाठी बुद्धवचन वापरण्याला.

आजार का होतो, याविषयी संयुत्तनिकायातील सीवकसुत्त विसरता येत नाही. राजगृहाच्या वेळुवनात मोळियसीवक परिव्राजकाने विचारले, की सर्व सुखदुःख पूर्वकर्मामुळेच, हे मत बरोबर आहे काय? भगवंतांनी वेदनांची आठ कारणे सांगितली. पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुपरिणाम, विषम परिहार म्हणजे शरीराची अव्यवस्थित काळजी, बाह्य आघात, आणि कर्मविपाक. कर्म हे आठांपैकी एक. ऋतुबदलाचे दुखणे हे ऋतुबदलाचेच दुखणे; ते कोणाच्या मागील जन्माचे पाप नव्हे. ज्या समाजाला शतकानुशतके 'तुमचे भोग तुमच्या कर्माचे' असे ऐकावे लागले, ज्याच्या आजाऱ्याची नाडीदेखील वैद्याने दुरून पाहिली, त्या समाजातून धम्मात आलेल्या आमच्या वाचकांस या सुत्ताचे मोल निराळे सांगावयास नको. महावग्गातील आदर्श परिचारकाला औषध बनविता येते, पथ्य-अपथ्य कळते, तो मलमूत्र काढताना किळस मानीत नाही, लाभासाठी नव्हे तर मैत्रचित्ताने सेवा करतो आणि योग्य वेळी धम्मकथेने धीर देतो. याच सातारा जिल्ह्यातील नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या साथीत एका आजारी मुलाला उचलून आणताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. त्यांना आम्ही गिलानुपट्ठाकांच्या परंपरेत मानतो.

आणि वस्त्र व निवारा यांचा क्रम औषधाच्या आधी का, हे ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचे आहे, त्याने कार्तिकानंतर कऱ्हाड, वाळवे, पलूस या पट्ट्यातील साखर कारखान्यांच्या परिसरात जावे. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या तेथे उभ्या असतात. बांबू, चटई, पाचट आणि वर प्लास्टिकचा कागद. नदीकाठचे दव रात्रभर त्यावर ठिबकते. तोड पहाटे अंधारातच सुरू होते. फडाच्या बांधावर आईने निजविलेल्या तान्ह्या मुलाला खोकला झाला, तर त्याला कमी पडले ते हळद की पांघरूण, हे प्रत्यवेक्षणाच्या क्रमाने सहज सांगता येईल. त्यांच्या आजूबाजूला हळदीचे फड आणि आल्याचे वाफेही असतात.

आमच्या दोन्ही जिल्ह्यांतील विहारांत कठिन चीवरदानाचे कार्यक्रम आश्विन-कार्तिकात होतात. त्या दिवशी भिक्खुसंघास चीवर अर्पण केल्यावर उपासकांनी जादा घोंगड्या व चादरी गोळा करून या कोप्यांवर पोहोचवाव्यात, अशी आमची सूचना आहे. गळीत हंगाम साधारण त्याच सुमारास सुरू होतो. टोळ्यांच्या गाड्या तेव्हा नुकत्याच येऊन थांबलेल्या असतात आणि कोप्या बांधून व्हावयाच्या असतात.